विजेवाचून ठिणगी : मॅग्नेटो, मराठवाडा आणि चुंबक भारण्याचा धंदा

विसाव्या शतकाच्या प्रारंभी हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा मनमाड–सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग नांदेडवरून गेला आणि १९११ च्या सुमारास बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी लातूरपर्यंत येऊन थांबली. परंतु या दोन मार्गांच्या मधल्या पट्ट्यात, मन्याड नदीच्या खोऱ्यात वसलेले कंधार रेल्वेपासून दूर राहिले, ते आजतागायत. राष्ट्रकूटांच्या काळात कंधारपूर म्हणून नांदलेले, जगत्तुंग समुद्र हा तलाव, खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला आणि हाजी सय्याह यांचा दर्गा यांमुळे दूरवर ओळखले जाणारे हे गाव निजामाच्या राज्यात नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होते, आणि तेथून सुमारे ५० किलोमीटरवरच्या नांदेड स्टेशनात माल किंवा माणूस पोचवायचा, तर आधी बैलगाडी आणि पुढे मोटार यांखेरीज तिसरे साधन नव्हते. शहरात मोटार बिघडली तर टांगा होता, मिस्त्री होता आणि वाट पाहायला सवडही होती. कंधारच्या रस्त्यावर ती बंद पडली, तर बैल जुंपून ओढत नेण्यावाचून गत्यंतर नसे. म्हणून या भागातील मोटारीच्या इतिहासात गाडीच्या डौलापेक्षा ती हमखास सुरू होते की नाही हा प्रश्न मोठा ठरतो, आणि पेट्रोल इंजिनाच्या सुरुवातीच्या दशकांत त्या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी घोड्याच्या नालेसारख्या वाकवलेल्या एका पोलादी चुंबकात दडलेले असे.

पेट्रोल इंजिनात सिलिंडरमध्ये दाबलेले पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण नेमक्या क्षणी पेटवावे लागते, आणि त्यासाठी प्लगच्या दोन टोकांमधील अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या फटीतून हजारो व्होल्टची ठिणगी उडवावी लागते. ही वीज आणायची कोठून, याची दोन उत्तरे होती. पहिले बॅटरीचे : बॅटरीतील कमी दाबाची वीज कॉइलमधून नेऊन तिचा दाब वाढवायचा. दुसरे मॅग्नेटोचे : इंजिनानेच फिरवलेल्या एका लहान जनित्रात ती जागच्या जागी निर्माण करायची. मॅग्नेटो म्हणजे कायम चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तांब्याच्या तारेचे वेढे घातलेला लोखंडी गाभा, म्हणजे आर्मेचर, फिरवणारे यंत्र होय. आर्मेचर फिरताना त्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह एका क्षणी एका दिशेने आणि दुसऱ्या क्षणी उलट दिशेने वाहतो, या उलथापालथीमुळे जाड तारेच्या आतल्या वेढ्यांत विद्युतप्रवाह निर्माण होतो, आणि तो ऐन भरात असताना पॉइंट नावाचा उघडमीट होणारा जोड उघडून तोडला की बारीक तारेच्या हजारो बाहेरच्या वेढ्यांत उच्च दाबाचा झटका उठून प्लगपर्यंत जातो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वापलीकडे यात काही नाही. पण ते तत्त्व उन्हातान्हात, धुळीत आणि खड्ड्यांतून धावणाऱ्या गाडीवर चालवणे ही वेगळीच विद्या होती.

ती विद्या प्रामुख्याने जर्मनीत स्टुटगार्ट येथे घडली. रॉबर्ट बॉश यांच्या छोट्या कारखान्याने १८८७ मध्ये एका जागी बसवलेल्या इंजिनासाठी पहिला मॅग्नेटो बनवला, १८९७ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती द दियाँ-बूताँच्या तीनचाकीवर चढवली, आणि १९०२ मध्ये बॉश यांचे सहकारी गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याला जोडून चालणारा प्लग असा जोडसंच तयार केला, तेव्हा मोटारीच्या प्रज्वलनाचा प्रश्न पुढील पंचवीस वर्षांपुरता तरी सुटला. जर्मन मालावरचे हे अवलंबन किती खोल होते, हे १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटनला कळले. लष्करी ट्रक आणि विमाने बनवायला कारखाने होते, परंतु त्यांना ठिणगी देणारे मॅग्नेटो शत्रूच्या देशातून येत, आणि मग बर्मिंगहॅमच्या ल्युकाससारख्या कंपन्यांनी हा धंदा घाईघाईने उभा केला. हिंदुस्थानात बॉशचा माल विकणारी कचेरी कोलकात्यात १९२२ मध्ये उघडली. त्यामुळे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आपल्याकडे धावणाऱ्या गाड्यांवर जर्मन, ब्रिटिश आणि अमेरिकन अशा तिन्ही घराण्यांचे मॅग्नेटो आढळत आणि मिस्त्रीला तिन्हींची खोड ओळखावी लागे.

कंधारसारख्या गावाच्या दृष्टीने मॅग्नेटोचा सर्वांत मोठा गुण हा की त्याला बॅटरी लागत नव्हती. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले आणि मराठवाड्यातील बहुतेक खेड्यांत वीज त्यानंतरच पोचली. त्याआधी उतरलेली बॅटरी पुन्हा भरून घ्यायची तर तिला गाडीत घालून मोठ्या शहरी न्यावे लागे, आणि ज्या गाडीत घालायची ती तर तिच्याचवाचून खोळंबलेली असे. मॅग्नेटोच्या गाडीला असली कटकट नव्हती : पुढच्या बाजूने हँडल घालून गरकन फिरवले की चुंबक, तार आणि पॉइंट एवढ्या भांडवलावर इंजिन धडधडू लागे. मात्र या स्वावलंबनाला एक मेख होती, आणि या धंद्याचा सगळा इतिहास त्या मेखेभोवती फिरतो. ज्या चुंबकामुळे गाडीला विजेची गरज उरत नव्हती, ते चुंबकच काही वर्षांनी अशक्त होई, आणि ते पुन्हा भारायला मात्र वीज लागे. तीही घरोघरी येणारी उलटसुलट प्रवाहाची नव्हे, तर एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे बॅटरीची किंवा डायनामोची. विजेवाचून चालणाऱ्या यंत्राची दुरुस्ती विजेच्या दारातच होऊ शकत असल्याने, गाव जितके आडबाजूला तितका मॅग्नेटो उपयोगाचा आणि तितकाच तो दुरुस्तीपासून दूर, अशी ही अडचण होती.

चुंबक अशक्त का होते, हे समजण्यासाठी पोलादाच्या पोटात डोकवावे लागते. लोखंडाच्या तुकड्यात सूक्ष्म चुंबकीय क्षेत्रके असतात आणि साध्या लोखंडात त्यांची तोंडे वाटेल त्या दिशांना असल्याने त्यांचा परिणाम एकमेकांत जिरून जातो. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेतील बाजारात जिकडेतिकडे तोंडे करून उभी असलेली जनावरे एकाच दिशेला वळवून ओळीने बांधावीत, तसे बाहेरून जबर चुंबकीय क्षेत्र लावून या क्षेत्रकांना एका दिशेला वळवणे म्हणजे चुंबक भारणे होय. नरम लोखंडात ही रांग बाहेरचा जोर जाताच मोडते. कडक पाणी दिलेल्या पोलादात ती टिकते, आणि ही टिकण्याची ताकद, म्हणजे उलट क्षेत्राला दाद न देण्याचा गुण, ओरस्टेड या एककात मोजतात. सुरुवातीच्या मॅग्नेटोंत सुमारे ६ टक्के टंगस्टन मिसळलेले पोलाद वापरत आणि त्याची ही ताकद जेमतेम ६० ते ७० ओरस्टेड होती. एवढ्या दुबळ्या चुंबकाला मोडायला फारसे काही लागत नाही. इंजिनाची उष्णता, रस्त्याचे हादरे आणि आर्मेचरमधील प्रवाहाने उभे राहणारे उलटे क्षेत्र ही कारणे रोजची. पण सगळ्यात घातक कारण मिस्त्रीच्या हातून घडे. आर्मेचर जागेवर असताना चुंबकाच्या दोन ध्रुवांमधील मार्ग लोखंडाने जोडलेला असतो. ते बाहेर काढताच ध्रुवांमध्ये मोठी फट पडते आणि चुंबक स्वतःच्याच क्षेत्राने स्वतःला उतरवू लागते. म्हणून आर्मेचर काढण्यापूर्वी दोन्ही ध्रुवांवर नरम लोखंडाची जाड पट्टी आडवी ठेवावी लागते, तिला कीपर म्हणतात. ज्याला कीपर ठाऊक नव्हता, त्याने केवळ साफसफाईसाठी उघडलेला मॅग्नेटो पुन्हा जोडल्यावर आधीपेक्षा दुबळा होई, आणि दोष कोणत्या तरी निरपराध भागावर जाई. एकावर एक दोन-तीन नाला बसवलेल्या मोठ्या मॅग्नेटोंत आणखी एक खोट होत असे : जोडताना एक नाल उलटी बसली, तर तिचे ध्रुव शेजारणीच्या ध्रुवांना मारक ठरून बाहेरून सगळे ठाकठीक दिसणारे यंत्र ठिणगी देईनासे होई.

चुंबक उतरू लागल्याची पहिली खूण गाडी धावताना दिसत नसे, ती हँडल मारताना दिसे. मॅग्नेटोत निर्माण होणारा दाब चुंबकाच्या जोरावर आणि आर्मेचरच्या वेगावर अवलंबून असतो; इंजिन वेगात असले की अशक्त चुंबकही पुरेशी ठिणगी देते, पण माणसाच्या दंडाच्या जोरावर सावकाश फिरणाऱ्या आर्मेचरला ती उणीव भरून काढता येत नाही. त्यामुळे उतारावरून ढकलून सुरू होणारी, रस्त्यावर व्यवस्थित चालणारी, आणि एकदा बंद केली की हँडलला दाद न देणारी गाडी ही चुंबक उतरल्याची ठरलेली लक्षणे दाखवत असे. मोठ्या इंजिनांवर यासाठी इम्पल्स कपलिंग नावाची युक्ती असे : हँडल फिरवताना आर्मेचर क्षणभर अडवून धरायचे, तोवर स्प्रिंग ताणत राहायची, आणि ठिणगीच्या क्षणी ते खटकन सोडून द्यायचे, म्हणजे सावकाश फिरवणाऱ्या हातालाही वेगाचा झटका मिळतो. अशी इंजिने सुरू करताना येणारा टक् टक् आवाज हा त्या स्प्रिंगचा असतो. प्लग काढून सिलिंडरच्या डोक्यावर टेकवायचा, हँडल मारायचे आणि ठिणगी पाहायची ही परीक्षा तेव्हाची आणि आजचीही; निळसर, टणत्कारी ठिणगी म्हणजे ठीक, तांबूस, दोऱ्यासारखी बारीक ठिणगी म्हणजे काही तरी उणे.

ती उणीव भरून काढण्याची क्रिया पाहण्यासारखी आहे. चार्जर म्हणजे मऊ लोखंडाचे दोन जाड खांब, तळाशी लोखंडाच्याच पाटाने जोडलेले, आणि प्रत्येक खांबावर जाड तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे. १८२५ मध्ये विल्यम स्टर्जन यांनी बनवलेल्या विद्युतचुंबकाचाच हा थोरला भाऊ. त्याचा जोर वेढ्यांची संख्या आणि प्रवाह यांच्या गुणाकाराने मोजतात. ५०० वेढ्यांतून २० अँपिअरचा प्रवाह गेला, तर १०,००० अँपिअर-वेढे होतात. प्रथम होकायंत्र जवळ धरून जुन्या चुंबकाचा उत्तर ध्रुव कोणता ते शोधायचे आणि त्यावर खडूने खूण करायची. मग चार्जरला क्षणभर प्रवाह देऊन त्याच्या खांबांचे ध्रुव कोणते ते पाहायचे, आणि चुंबकाचा उत्तर ध्रुव चार्जरच्या दक्षिण ध्रुवावर येईल असे ते ठेवायचे. येथे घाईत उलटे ठेवले गेले, तर चुंबकाची दिशा पालटते. साध्या यंत्रात ते एक वेळ खपते; पण अनेक नालांच्या संचात एकच पालटली, तर सगळा संच पुन्हा काढावा लागतो. ध्रुवांची तोंडे आणि खांबांची डोकी यांमध्ये गंज, रंग किंवा ग्रीस राहिले तरी प्रवाहाचा मार्ग अडतो, म्हणून ती बारीक कागदाने घासून घेतात. त्यानंतर प्रवाह चालू, काही सेकंद थांबा, बंद, पुन्हा चालू, आणि चालू असतानाच पोलादावर लाकडी हातोडीने हलक्या टिचक्या. चुंबक ताणून घट्ट धरलेले असते आणि प्रवाह बंद केल्यावरही ते उचलण्याचा मोह आवरावा लागतो, कारण खरी परीक्षा पुढे आहे : ध्रुवांवर कीपर आडवा लावायचा, मग चुंबक वर न उचलता कडेला सरकवत चार्जरवरून काढायचे, आणि ते मॅग्नेटोच्या सांगाड्यावर बसून आर्मेचर आत जाईपर्यंत कीपरला हात लावायचा नाही. ताज्या भारलेल्या चुंबकाचा कीपर क्षणभर काढला, तरी मिळवलेल्या जोराचा बराच भाग हातचा जातो. जाणकार कारागीर म्हणूनच संपूर्ण मॅग्नेटो जोडलेल्या अवस्थेतच चार्जरवर चढवणे पसंत करतात.

फोर्डच्या मॉडेल टी गाडीत ही सगळी कसरत टळली होती. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून अधिक संख्येने बनलेल्या या गाडीचा मॅग्नेटो वेगळा जोडलेला नसून फ्लायव्हीलमध्येच रचलेला होता : फ्लायव्हीलवर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची १६ चुंबके बसवलेली, त्यांच्यासमोर एक मिलिमीटरच्या आत फट ठेवून १६ वेटोळी स्थिर बसवलेली. ही चुंबके उतरली, तर इंजिन उतरवायची गरज नव्हती. होकायंत्राच्या साहाय्याने चुंबके वेटोळ्यांच्या नेमकी समोर येतील अशा ठिकाणी इंजिन थांबवायचे, आणि एकापुढे एक जोडलेल्या बॅटऱ्यांचा ३० व्होल्टच्या आसपासचा प्रवाह मॅग्नेटोच्या टोकातून उलटा आत सोडायचा, तोही तार क्षणभर टेकवून आणि काढून, असे पुन्हा पुन्हा. वीज देणारीच वेटोळी त्या वेळेपुरती चार्जर बनत. गावोगाव फिरणाऱ्या गाडीसाठी ही योजना किती शहाणपणाची होती, हे वेगळे सांगायला नको. विसाव्या शतकात बनलेल्या यंत्रांत दुर्गम प्रदेशाचा इतका विचार करून रचलेली यंत्रे मोजकीच सापडतात.

निजामाच्या राज्यात मोटार वरून खाली आली. सहावे निजाम महबूब अली खान यांनी मागवलेली आणि १९११ मध्ये त्यांच्या निधनानंतर सातवे निजाम उस्मान अली खान यांच्या वाट्याला आलेली रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट आजही हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्याशी निगडित आहे. त्या जातीच्या गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असत, एकाला बॅटरी-कॉइलची आणि दुसऱ्याला मॅग्नेटोची ठिणगी मिळे. इतकी महागडी गाडी बनवणाऱ्यांनाही दोहोंपैकी एकावर विसंबणे धोक्याचे वाटत होते, यातच त्या काळातील अवस्था दिसते. सामान्य माणसापर्यंत मोटार पोचली ती बसच्या रूपाने. निजाम स्टेट रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी घेऊन रस्ते वाहतूक विभाग सुरू केला. स्कॉटलंडमध्ये बनलेली त्यांतील एक आल्बियन बस हैदराबादेत जतन करून ठेवलेली आहे. त्या पिढीच्या ब्रिटिश पेट्रोल बस व ट्रक यांवर मॅग्नेटो सर्रास असे. अमेरिकन गाड्यांचा रिवाज मात्र तोवर पालटला होता : कॅडिलॅकने १९१२ मध्ये विजेचा स्टार्टर आणला, तो चालवायला बॅटरी अपरिहार्य झाली, आणि बॅटरी गाडीत आलीच आहे तर ठिणगीही तिच्याकडूनच का घेऊ नये, असा सरळ हिशेब झाला. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत जोडणीचा कारखाना काढल्यावर अशा गाड्या इकडे वाढल्या. तरीही आडगावांत मॅग्नेटोची चलती टिकली, आणि दुसऱ्या महायुद्धातील पेट्रोलच्या टंचाईने तर त्याची कसोटीच पाहिली. तेव्हा पुष्कळ बसगाड्यांच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बसवून त्यांच्या वायूवर इंजिने चालवली जात. तो वायू पेट्रोलपेक्षा सावकाश जळत असल्याने ठिणगी अधिक आगाऊ द्यावी लागे, आणि थंड इंजिनात तो पेटायलाही कुरकुर करी. उतरलेल्या चुंबकाची गाडी अशा इंधनावर सुरू करणे ही दंडाची परीक्षाच होती.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि येथील सरकारी बससेवा १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात सामावली गेली. या राजकीय स्थित्यंतरांच्या जोडीने बोनेटखाली घडलेले स्थित्यंतर असे की बस आणि ट्रक डिझेलवर गेले. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. प्लग नाही, ठिणगी नाही, मॅग्नेटो नाही. विहिरीवरची ऑइल इंजिनेही बव्हंशी डिझेलचीच आली. मोठ्या वाहनांपुरता मॅग्नेटोचा अध्याय येथे संपला.

धंदा मात्र संपला नाही, कारण तो दुचाकीवर चढला. याला कारण पोलादात झालेली क्रांती. जपानमध्ये कोतारो होंडा यांनी १९१७ मध्ये कोबाल्ट मिसळलेले पोलाद शोधून चुंबकाची टिकण्याची ताकद २०० ओरस्टेडच्या वर नेली आणि १९३१ मध्ये तोकुशिची मिशिमा यांनी लोखंड, निकेल आणि ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातू बनवला. त्यातून पुढे आलेल्या अल्निको जातीच्या चुंबकांनी ६०० ओरस्टेडचा टप्पा गाठला. आता चुंबकाला लांबलचक नालेचा आकार देण्याची गरज उरली नाही. लहान, आखूड तुकडे फ्लायव्हीलच्या आतल्या कडेला बसवून तेच फिरवायचे आणि नाजूक वेटोळी स्थिर ठेवायची, ही रचना दोन-स्ट्रोक इंजिनाला फार सोयीची पडली. एस्कॉर्ट्सची राजदूत, पुण्याच्या बजाजच्या स्कूटर, १९७२ मध्ये अहमदनगरच्या कायनेटिक कारखान्यातून आलेली ५० सीसीची लूना, आणि पुढे खेड्यापाड्यांतली लाडकी एम-८० या सगळ्या गाड्यांची ठिणगी अशाच फ्लायव्हीलमधून येई. बजाजने १९८५ च्या सुमारास औरंगाबादजवळ वाळूज येथे कारखाना सुरू केल्यावर तर हे यंत्र मराठवाड्याच्या मातीतच घडू लागले. दुधाच्या कॅन, खताचे पोते आणि मागे एक-दोन माणसे एवढा भार घेऊन कंधार, लोहा, मुखेडच्या रस्त्यांवरून धावलेल्या या दुचाक्यांनी रेल्वे नसलेल्या मुलखात जे काम केले, त्याचा हिशेब कोणत्याही वाहतूक अहवालात पुरता येणार नाही.

मॅग्नेट चार्जिंग हे शब्द बाजारपेठेतील पाट्यांवर आले ते या काळात. कॉइल रिवायंडिंग, मॅग्नेट चार्जिंग आणि हॉर्न दुरुस्ती ही कामे एकाच टपरीवजा दुकानात होत, आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन येई तीही ठरलेल्या शब्दांत : किक मारून पाय दुखले, प्लगला करंट येत नाही, लाइट मंद आहे. दिव्याची ही तक्रार निदानाच्या दृष्टीने मोलाची होती, कारण या गाड्यांचा हेडलाइट थेट मॅग्नेटच्या विजेवर जळे. रेस वाढवली की उजळणारा आणि सोडली की काजव्याएवढा होणारा दिवा हा मूळ रचनेचाच भाग असला, तरी रेस देऊनही तो उजळेना, तेव्हा मिस्त्री पाना फ्लायव्हीलच्या कडेला चिकटवून त्याची पकड पाही. चुंबके उतरण्याचे कारण येथे बहुधा वय नसून हातोडा असे. फ्लायव्हील काढायला पुलर नावाचे स्क्रूचे हत्यार लागते. ते जवळ नसले की कडेवर ठोके मारून ते सैल करण्याची वाईट खोड पुष्कळ गॅरेजांत होती, आणि त्या ठोक्यांनी कधी चुंबक उतरे, कधी त्याचा कपचा उडे, तर कधी क्रँकशाफ्टच वाकडा होई. काढलेले फ्लायव्हील उपडे करून फरशीवर तसेच ठेवणे हीही तशीच चूक, कारण आतले चुंबक कीपरविना उघडे पडते आणि वर कामाच्या जागेवरचा लोखंडाचा कीस ओढून घेते.

अल्निकोचा गुण कारागिराच्या मुळावर मात्र आला. चुंबक पूर्ण भारायचे तर त्याच्या टिकण्याच्या ताकदीच्या तीन ते पाच पट क्षेत्र लावावे लागते. टंगस्टन पोलादाला ३०० ओरस्टेड पुरत, अल्निकोला सुमारे ३,००० लागतात. जुना, मोटारीच्या बॅटरीवर चालणारा चार्जर येथे थिटा पडू लागला आणि त्याची जागा कंडेन्सरमध्ये साठवलेली वीज एका झटक्यात मोकळी करणाऱ्या यंत्राने घेतली, ज्याच्या खांबांची मांडणी फ्लायव्हीलच्या चार किंवा सहा ध्रुवांशी जुळवलेली असे. त्यापुढची पायरी फेराइटची. १९५० च्या दशकात फिलिप्सच्या प्रयोगशाळांनी पुढे आणलेली ही भाजलेल्या मातीसारखी काळपट चुंबके सुमारे २,००० ओरस्टेडपर्यंत उलट क्षेत्राला दाद देत नाहीत, म्हणजे हादऱ्यांनी, उघडे ठेवल्याने किंवा शेजारच्या वेटोळ्यांच्या क्षेत्राने ती सहसा उतरतच नाहीत. फुटली तर मात्र फेकून द्यावी लागतात. त्यांच्याबरोबर पॉइंटची जागा घेणारी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन यंत्रणा आली, आणि दुकानांच्या पाट्यांवरून मॅग्नेट चार्जिंग हे शब्द हळूहळू पुसले गेले. कारागिराची कुवत कमी पडली म्हणून हा धंदा बसला नाही. ज्या दुबळ्या पोलादाने त्याला जन्म दिला होता ते पोलादच नाहीसे झाले.

ते पोलाद आता पुन्हा टेबलावर येते आहे, ते जुन्या मोटारींच्या पुनरुद्धाराच्या निमित्ताने. मुंबई, पुणे आणि हैदराबाद येथील संग्राहकांच्या गाड्यांतील मॅग्नेटो ऐंशी-शंभर वर्षांचे आहेत आणि त्यांचे सुटे भाग सहजासहजी मिळत नाहीत. येथे एक गोष्ट निक्षून सांगायला हवी की चुंबक भारणे हा पहिला उपाय समजणे बहुतेक वेळा चुकीचे ठरते. जुन्या मॅग्नेटोत आधी मरतो तो कंडेन्सर, म्हणजे पॉइंट उघडताना तेथे नको ती ठिणगी उडू नये म्हणून बसवलेला विजेचा छोटा साठा. त्यानंतर आर्मेचरच्या तारांवरील लाखेचे वेष्टन, जे उष्णतेने वितळून बाहेर पडते आणि वेढ्यांना एकमेकांशी भिडवते. हे दोन्ही दोष उतरलेल्या चुंबकासारखीच लक्षणे दाखवतात. थंड असताना ठिणगी आणि गरम झाल्यावर अंधार असेल, तर दोष तारेत आहे. थंड-गरम दोन्ही वेळा हँडलला ठिणगी मंद आणि वेगात ठीक असेल, तरच संशय चुंबकावर घ्यावा. आधी कंडेन्सर, मग वेढे, मग पॉइंटची फट आणि आर्मेचरचे टायमिंग, आणि सगळ्यांत शेवटी, मॅग्नेटो पूर्ण जोडून झाल्यावर, चुंबक, हा क्रम ज्याने पाळला त्याला एकाच चुंबकासाठी दोनदा चार्जर जोडावा लागत नाही. मूळ मॅग्नेटोच्या पोकळीत आधुनिक इलेक्ट्रॉनिक संच लपवून बसवण्याचीही एक पद्धत रूढ होऊ पाहते. गाडी त्याने चालते, परंतु ज्या यंत्राने ती गाडी आपल्या काळाची ठरली तेच त्यातून काढून टाकले जाते, आणि पुनरुद्धार या शब्दाला ते शोभत नाही.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीने या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आली आहे. त्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी व चारचाकी वाहनांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात आणि ती नोंदणी १० वर्षांसाठी वैध असते. मात्र वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे आणि त्याच्या सांगाड्यात, बांध्यात किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला नसावा, ही अट आहे. रोल्स-रॉइस आणि मॉडेल टी यांच्यापुरताच हा नियम आहे असा अनेकांचा समज दिसतो. वस्तुतः १९७२ मध्ये नोंदल्या गेलेल्या पहिल्या लूना २०२२ मध्येच त्या मर्यादेपलीकडे गेल्या. ज्यांच्या परसात अशी एखादी गाडी गंजत उभी असेल, त्यांनी ती भंगारवाल्याला वजनावर देण्यापूर्वी तिचे नोंदणीपुस्तक शोधावे, आणि फ्लायव्हील काढायची वेळ आली तर हातोड्याऐवजी पुलर वापरायला सांगावे.